एकोडीची गाठ

सानगडीच्या माझ्या घरमालकांनी खोली देण्याआधी मला एकच प्रश्न विचारला. गाव कोणतं, जात कोणती, लग्न का नाही झालं, हे बाकीच्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. यांनी विचारलं, "चिमण्या हाकलता का?"

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी वर्ध्याकडची, शाळेत गणित शिकवायला नुकतीच लागलेली. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी धजत नव्हतं आणि सकाळपासून वणवण करून माझं डोकं तापलं होतं. मला वाटलं, हा माणूस आपली फिरकी घेतोय. मी फणकाऱ्यानेच सांगितलं की घाण केली तर हाकलीन, नाही तर काय पूजा करीन? त्यांनी काही उत्तर दिलं नाही आणि आत निघून गेले. गेली ही पण खोली, असं म्हणून मी ट्रंक उचलली, तोवर त्यांच्या बायकोने बाहेर येऊन माझ्या हातातली वळकटी घेतली. म्हणाल्या, राहा, ते असेच आहेत, फक्त दारावर जे टांगलंय त्याच्याजवळ हात हलवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होते तर हे मागे येऊन उभे. "घाण मी झाडीन," म्हणाले आणि गेले. कसली घाण, कशाची घाण, मला काही उमगेना. कालच्या प्रश्नोत्तराचा तो उरलेला भाग होता हे मला दुपारी वर्गात फळ्यासमोर उभी असताना कळलं आणि मुलांसमोरच हसू आलं.

सारं गाव त्यांना काकाजी आणि त्यांच्या बायकोला काकी म्हणायचं, मग मीही म्हणू लागले. त्यांचं सगळं असंच होतं. काही विचारलं की ऐकून घ्यायचे, आणि उत्तर द्यायचे दुसऱ्या दिवशी, तेही मागचा पुढचा संदर्भ न देता. एकदा नागपूरकडचे कोणी पाहुणे दारावरचं ते टांगलेलं पाहून हरखले आणि विकत मागू लागले. काकाजी गप्प. पाहुण्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, शेवटी कंटाळून बस पकडून गेले. दुसऱ्या दिवशी काकाजी रिकाम्या अंगणाकडे बघून ठणकावून म्हणाले, "नाई."

दारावर टांगलेलं म्हणजे धानाच्या लोंब्यांचं तोरण. लोंबी काडीसकट कापायची, झोडपायची नाही, आणि त्या काड्या एकमेकींत गुंफत जाळीसारखी वीण विणत खाली यायचं. दाणे भरलेल्या लोंब्या सगळ्या खाली झालरीसारख्या लोंबत राहतात. उन्हात ते सोन्याचं दिसायचं. चिमण्या उलट्या लटकून दाणे खायच्या, त्यांच्या भांडणात दारात टरफलांचा सडा पडायचा. हीच ती घाण. काकाजी ती खरोखरच रोज झाडत. पण माझं लक्ष जायचं ते तोरणाच्या माथ्याकडे. तिथे सगळ्या काड्या एका गाठीत जात होत्या. मिटलेल्या कमळाएवढी घट्ट गाठ, आणि तिच्यातून एकाही काडीचं टोक बाहेर आलेलं नसे. मी गणिताची बाई. इतक्या काड्या आत जातात तर त्यांनी कुठून तरी बाहेर यायलाच हवं, म्हणून मी स्टुलावर चढून ती गाठ चाचपून पाहिली आहे. टोक सापडलं नाही.

हा त्या घराचा छंद होता. धंदा नाही, पूजा नाही, नवस नाही. काकाजींच्या वडिलांच्या आधीपासून चालत आलेला. हलका धान, म्हणजे लवकर पिकणारा, दिवाळीच्या तोंडाशी कापला जायचा. त्या दिवसांत सकाळी दंव असेपर्यंत अख्खं घर छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसायचं. दंवाने काडी ओली असते तोवरच वाकते, ऊन चढलं की तडकते. काकी लोंब्या निवडून एका मापाच्या लावून द्यायच्या, काकाजींचा धाकटा भाऊ कडेची वेणी घालायचा आणि मधली वीण काकाजींची. तेवढा वेळ त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती. चहा आला तर निवून जायचा. मीही एकदा हौसेने बसले. माझी वेणी पाहून धाकट्या भावाने तोंड फिरवलं आणि काकाजींनी ती हळूच उसवून लोंब्या परत काकींच्या ढिगात ठेवल्या.

माणसांनाही ते काडीनेच मोजायचे. कोणी ठिसूळ, कोणी पोकळ. आमचे हेडमास्तर म्हणजे तणसाच्या ढिगाचा वरचा थर, नुसता पावसात भिजायला ठेवलेला. माझ्याबद्दल त्यांनी काकींना सांगितलं होतं, की मास्तरीन काडीची चांगली आहे, पण भिजवावी लागते. मी दोन दिवस काकाजींशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता ती गाठ. ती काकाजींना येत नव्हती.

हे मला कळलं तेव्हा खरं वाटेना. वीण त्यांची, धान त्यांचा, तोरण त्यांच्या दारावर, आणि माथ्याची गाठ म्हणे एकोडीला दिलेली त्यांची मोठी बहीण बांधते. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. काकाजी आणि सारं घर तिला एकोडीची बाईच म्हणायचं. वडिलांनी वीण सगळ्या लेकरांना शिकवली आणि गाठ तेवढी लेकीला. लेक एकदा सासरी गेली की भाऊ आपापल्या संसाराला लागतात, तिच्या दारी जात नाहीत, हे त्या माणसाने पाहिलं असावं. गाठीशिवाय तोरण टांगता येत नाही, टांगलं तर दोन दिवसांत उसवतं. म्हणजे भावांना दर साली एकोडीला जाणं आलं. म्हाताऱ्याची ही युक्ती मला फार आवडली होती.

भाऊबीजेला काकाजी विणलेलं पण न बांधलेलं तोरण ओल्या धोतरात गुंडाळून, पाठीला बांधून सायकलवर एकोडीला जायचे. दोन तोरणं असत. एक बाईच्या दारासाठी, तीच ओवाळणी; आणि एक बांधून परत आणायला. एका दिवाळीला मला घरी जायला मिळालं नाही, तर काकी म्हणाल्या, तुम्हीही चला. त्या, मी आणि धाकट्या भावाची बैलगाडी, असे आम्ही मागून गेलो.

बाई म्हणजे काकाजींच्या अगदी उलट. अंगाने भरलेली, तोंडाचा पट्टा सतत चालू. आम्ही गाडीतून उतरतो न उतरतो तोच तिने सांगून टाकलं की हा लहानपणी इतकी वर्षं बोललाच नाही की आईने मुका समजून देवाला कोंबडं कबूल केलं होतं. ओवाळून झाल्यावर तिने तोरण मांडीवर घेतलं. तेवढ्यात काकाजी पाटावरच वळले आणि पाठ करून बसले. अंगणाकडे तोंड, हात गुडघ्यांवर. मला वाटलं रागावले की काय. काकी कानात म्हणाल्या, पाहत नाहीत ते, कधीच पाहिलं नाही.

मी मात्र पाहिलं. डोळे फाडून पाहिलं. बाईने डाव्या अंगठ्याखाली काही दाबलं, एक काडी दातांत धरली, दोन्ही मनगटं एकदा आत वळली आणि एकदा बाहेर. तेवढा वेळ ती बोलायची थांबली होती. मग दातातली काडी सुटली आणि गाठ झालेली होती. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

परतीच्या वाटेवर मी काकाजींना विचारलं की तुम्ही का नाही शिकून घेत? उद्या बाईंना काही झालं तर? बोलून गेले आणि जीभ चावली. ते सायकल हातात धरून गाडीच्या बाजूने चालत होते. नेहमीप्रमाणे उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, मी शाळेला निघताना. म्हणाले, "शिकलो त मंग एकोडीले कायले जाईन?"

त्यांचा तो धान घरात 'बापाचा धान' म्हणून ओळखला जायचा. वडिलांच्या वेळचं बियाणं, दर साली त्यातलंच राखून पुढे पेरलेलं. माणसाच्या छातीला लागेल इतका उंच, लोंबीखालची काडी हातभर लांब आणि कुठेही गाठ नसलेली. तोरण व्हायचं ते त्या काडीमुळे. मग आमच्याकडे नहर आली, म्हणजे कालवा, खत आलं आणि नवा बुटका धान आला. मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्यांच्या घरी श्रावणात चूल पेटायची मारामार होती त्यांच्या घरी पोटभर भात शिजायला लागला, हे मी वर्गातल्या मुलांच्या तोंडावर पाहिलं आहे. उपाशी राहा आणि तोरणं विणा असं कोण म्हणेल? पण त्या धानाची काडी वीतभर, जाड, आणि लोंबी पानात अर्धी लपलेली. काकाजींनी एकदा तिचंही तोरण विणून पाहिलं. ते केरसुणीसारखं झालं. त्यांनी ते गोठ्यात नेऊन गाईपुढे टाकलं.

धाकट्या भावाने वाटणी मागितली ती यावरूनच. त्याला सगळीकडे नवा धान हवा होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं. वरच्या बांध्या भावाकडे गेल्या. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. खालच्या बांध्यांत काकाजींनीही पोटापुरता नवा धान लावला आणि तळ्याच्या अंगची एक बांधी तेवढी बापाच्या धानाला ठेवली. छपरीत सकाळी बसणारी माणसं आता दोनच राहिली. भाऊ समोरच्याच घरात राहायचा, पण कडेची वेणी काकी घालू लागल्या.

मी शहाणपणाने सुचवलं होतं, की बुटक्या धानाच्या काडीला सुतळीचा जोड द्या, लांबी भरून निघेल. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "मास्तरीन, चिमणी सुतळी खाते का?"

आमच्याकडे पाणी बांधीतून बांधीत उतरतं. भावाच्या बांधीत टाकलेलं खत पाण्याबरोबर खाली उतरायचं आणि काकाजींच्या त्या एका बांधीत येऊन साचायचं. त्या साली बापाचा धान जो उठला तो विचारू नका. काकाजी मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले. कधी नव्हे ते वाटेत बोलत होते. बांधीत उतरून उभे राहिले तर नुसती टोपी दिसत होती. लोंबीची काडी मोजून दाखवायला लागले, हातभर आणि वर वीत. ह्या साली बाईच्या दाराला असं तोरण देतो की उंबरठ्याला टेकलं पाहिजे, म्हणाले. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर आधी पाहिला नव्हता.

धाकटा भाऊ त्याच संध्याकाळी अंगणात आला. वाटणीनंतर पहिल्यांदाच. त्याने सांगितलं की दादा, हा खताने माजला आहे, काडीत जोर नाही, माझ्याकडचं पाणी बंद करून घे, नाही तर लोळेल. सगळ्या गावाला ते दिसत होतं. जुना धान खतावर पोसला की उंच होतो आणि आडवा पडतो, हे काकाजींना ठाऊक नव्हतं असं नाही. पण उंची म्हणजेच त्यांच्या लेखी चांगुलपणा. जन्मभर त्यांनी काडी लांबीवर मोजली होती. त्यांनी पाण्याचं तोंड बंद केलं नाही, उलट जरा मोठं केलं. दुसऱ्या दिवशी भावाच्या दारापुढे जाऊन म्हणाले, "बाप उभा होऊन राहिला, त्याले बस म्हणू का?"

दसऱ्यानंतर एका दुपारी वारा सुटला. फार मोठा नव्हता. भावाचा बुटका धान जसाच्या तसा उभा राहिला आणि बापाचा धान सगळा एका अंगाला निजला. खाली पाणी. काकाजी रोज सकाळपासून बांधीत वाकलेले असत, मूठ मूठ धान उचलून एकमेकांना बांधून उभा करायचे, आणि तो पुन्हा बसायचा. धाकटा भाऊही आपली कामं टाकून मदतीला उतरला होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी शाळा सुटल्यावर जाऊन बांधावर उभी राहायचे. पाण्यात बुडालेल्या लोंब्यांना हिरवे कोंब फुटायला लागले. तेव्हा काकाजी बाहेर आले, पाय धुतले आणि घरी गेले.

बियाणं म्हणून राखलेलं सगळं त्यांनी पेरून टाकलं होतं. मागे काही उरलं नव्हतं. मग शोध सुरू झाला. कोणी म्हणे अमक्या गावी आहे, की निघाली सायकल. पार वैनगंगेकाठी कारध्यापर्यंत जाऊन आले. उंच धान अगदीच मिळाला नाही असं नाही, पण मिळाला तो भारी, उशिरा पिकणारा. भाऊबीजेला तो हिरवाच असायचा आणि पिकला की हात लावताच दाणे झडायचे. धान लोळला त्याच सालच्या भाऊबीजेला काकाजी दुकानातलं लुगडं घेऊन एकोडीला गेले. सगळ्यांचे भाऊ नेतात तसं. बाईने काही विचारलं नाही आणि ओवाळलं, एवढंच काकींनी मला सांगितलं.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं मी त्याच घरात होते. चिमण्या सवयीने यायच्या, दारावरच्या रिकाम्या खिळ्याभोवती फडफडायच्या आणि जायच्या. काकाजींची खाट जन्मभर छपरीत असायची, ती त्यांनी आत घेतली. सकाळी चिमण्यांचा गलका सुरू झाला की ते दार लोटून घ्यायचे. काकींनी एकदा मूठभर तांदूळ अंगणात फेकले तर त्यांच्यावर चिडले. मी काकाजींना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. मला त्यांची फार कीव यायची आणि ती दाखवायची सोय नव्हती.

पुढे माझी बदली कारध्याला झाली. पत्र लिहिण्याइतके ते बोलके नव्हते, म्हणून खुशाली काकींच्या निरोपातून यायची. एका उन्हाळ्यात सकाळी दारात सायकल टेकवल्याचा आवाज झाला. काकाजी होते. डोकं भादरलेलं, अंगावर नवा पंचा. एकोडीची बाई गेली होती. तिच्या मुलांबरोबर अस्थी घेऊन ते वैनगंगेवर आले होते, नदीवरचं सगळं उरकून मुलं परत गेली आणि हे एकटेच माझ्याकडे वळले.

मी चहा ठेवला. ते भिंतीला टेकून बसले. मी काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर उद्यावर जाईल अशी मला भीती होती. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या शाळेत एखांदं पोरगं समजलं नसून समजलं म्हणते, त्याले तुमी काय करता?"

मी म्हटलं, पुन्हा शिकवते.

त्यांनी मान हलवली आणि सांगायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा ते सलग बोलत होते. बाईने शेवटच्या आजारात निरोप पाठवला होता. हे गेले तर ती खाटेवर. बोलणं कमी झालेलं. तिने सुनांना बाहेर पाठवलं आणि भावाला समोर बसवलं. म्हणाली, इतकी सालं पाठ करून बसला, आता तोंड इकडं कर. गाठ तिला देऊन जायची होती. तिला लेक नव्हती, आणि गाठ घरात जन्मलेल्याच्याच हाती जावी असं तिच्या मनात होतं. काकाजी या वेळी नाही म्हणाले नाहीत. शिकायला तयार झाले. बाईने काडी मागितली.

काडी कुठून आणणार? एकोडीत शोधली, सुनांनी शेजारीपाजारी विचारलं. बाहेर गाडीभर तणस पडलं होतं, ते सगळं बुटक्या धानाचं. त्यातलीच लांब लांब बघून आणली, ओली केली. बाईने मनगट वळवलं की तडकायची. मग सुतळी दिली. तिने ती हातात धरून पाहिली आणि खाली ठेवली. म्हणाली, या गाठीला काडीचा जोर लागतो, सुतळी नुसती लोळते.

  चहा त्यांच्यापुढे तसाच होता.

"मंग तिनं रिकामेच हात वर केले," ते म्हणाले. "काडी नाई, काई नाई. अंगठ्याखाली दाबल्यावानी केलं. दातात धरल्यावानी केलं. मी पाहून राहिलो. एक डाव झालं, मंग हळू हळू परत केलं. मले म्हणे, समजलं का रे?"

त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"मले काईच समजलं नाई, मास्तरीन. हवेत काय दिसन? पण ती तिसऱ्यांदा हात उचलाले गेली, अन् उचलत नव्हते. मी म्हणलो, समजलं बाई. पुरं समजलं. तवा तिनं हात खाली ठेवले."